उघड्या टपाची गाडी

माणसाला साडू कशासाठी असतो, या प्रश्नाला भारतीय दर्शनांनी हात घातलेला नाही. आत्मा झाला, माया झाली, परमाणू झाले, मोक्षाचा तर कीस पाडून झाला. साडू तेवढा राहिला. मी छत्तीस वर्षं एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं (शिकवलं म्हणजे काय, पोर्शन पुरा केला), पण ही उणीव मला कधी जाणवली नव्हती. मुलीकडे म्हणून न्यू जर्सीला सहा महिने गेलो, तिथे साडूंचा शेजार लाभला, आणि ध्यानात आलं की नीतिशास्त्राचे अवघड पेपर विद्यापीठ काढत नाही, साडू काढतात.

साडूंकडे एक टप उघडणारी गाडी आहे. जर्मन आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनी मोठी आहे, तिचे वकील त्याहून मोठे असणार आणि माझं पेन्शन लहान आहे. गाडीचं वय अठ्ठावीस, रंग गर्द निळा, गाद्या खऱ्या चामड्याच्या. नवी असताना ती ऐंशी हजार डॉलरला मिळत असे, हे साडूंनी मला विमानतळापासून घरापर्यंत तीन वेळा सांगितलं. त्यांनी ती नऊ हजारांना घेतली. "ऐंशीची गाडी नऊत!" असं ते म्हणाले की अक्का, म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहीणबाई, खिडकीबाहेर बघायला लागतात.

सगळी मेख इथेच आहे. गाडीची किंमत ऐंशीवरून नऊवर उतरते, पण तिच्या सुट्या भागांना ही बातमी कोणी कळवत नाही. पंप, सील, सेन्सर, दिव्याची काच ही मंडळी अजून ऐंशी हजारांच्या गाडीतच बसलेली असतात. संस्थान खालसा झालं तरी कारभाऱ्यांचा रुबाब उतरत नाही, तसं. हत्ती कोणी फुकट दिला तरी त्याचा चारा फुकट येत नाही, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण हत्ती निळा असला आणि त्याचा टप उघडत असला, की शहाणीसुरती माणसं चाऱ्याचा हिशेब विसरतात.

आता टपाविषयी. बटण दाबलं की मागचं झाकण आपोआप उघडतं, टप पुढून सुटून कमानीसारखा उभा राहतो, स्वतःची घडी घालतो, मागच्या पेटीत जाऊन निजतो आणि झाकण त्याच्यावर पांघरुणासारखं मिटतं. अर्ध्या मिनिटाचं काम. लग्नाच्या हॉलमध्ये घडीची खुर्ची उघडताना ज्यांचं बोट चिमटलं आहे, त्यांना यातलं कौतुक समजेल. पण एवढं करायला आत एक पंप लागतो. तो तेल दाबतो, तेल बारीक नळ्यांतून सिलिंडरांत जातं आणि सिलिंडर टपाची हाडं हलवतात. शिवाय जागोजागी स्विच. 'माझं झालं' असं एका स्विचनं कळवल्याखेरीज पुढचा सिलिंडर हलत नाही. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीची सही झाल्याशिवाय खजिनदार चेकबुक काढत नाही, त्यातलाच प्रकार. एक स्विच रुसला की सगळा कारभार होता तिथे थांबतो. आणि सिलिंडरातली सीलं रबराची. रबर वयानं कडक होतं, चिरतं, मग तेल झिरपू लागतं. एक सिलिंडर पुढच्या काचेच्या वरच असतो, म्हणजे तेल झिरपतं ते थेट कपाळावर. साडूंना आधीच टक्कल असल्यामुळे त्यांचं नुकसान कमी झालं. आमच्या हिच्या पैठणीवर पडलेला डाग मात्र अजून माहेरच्या खात्यावर मांडलेला आहे.

पैठणी नेसायचं निमित्त ओक ट्री रोडचं. एडिसन-आयझलिनमधला हा रस्ता म्हणजे न्यू जर्सीतलं आपलं दादर. फक्त दादरला लोक थोडं मराठी बोलतात. तिथे एका साडीच्या दुकानासमोर साडूंनी ऐटीत टप उघडायला घेतला, तो अर्ध्यावर उभा राहिला आणि त्याच मिनिटाला पाऊस आला. टप खाली बसेना, वर मिटेना. जांभई देता देता झोप लागलेल्या पाणघोड्यासारखी ती गाडी रस्त्याकडेला उभी. दुकानदार भला माणूस. त्यानं आतून साड्यांच्या गठ्ठ्यांवरचं प्लास्टिक आणून दिलं. ऐंशी हजारांच्या गाडीत, सेलच्या प्लास्टिकखाली, आम्ही चौघं तासभर वाफाळलेल्या मोदकांसारखे बसलो होतो. त्या तासात कोणी कोणाला काय म्हणालं ते लिहीत नाही. अक्का वाचतील.

साडूंचा मेकॅनिक न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागातला, पोर्तुगीज. तो भाग पोर्तुगीज वस्तीसाठीच ओळखला जातो. त्यानं माझ्याकडे हात करून 'शाव' मागितली आणि मी साडूंच्या कोटाच्या खिशातून चावी काढून दिली. दुभाष्याशिवाय झालेलं आमचं एवढंच संभाषण. चावी, पगार, पाव, बटाटा हे शब्द आम्ही तुमच्याकडूनच घेतले, असं मी त्याला साडूंकरवी सांगितलं. त्याला फार आनंद झाला. पण एस्टिमेटात त्यानं एक डॉलर कमी केला नाही.

एस्टिमेट झालं तीन हजार शंभर. सिलिंडर काढणं, त्यांची सीलं, पंप, टपाच्या कापडाची उसवलेली शिवण, आणि पाणी वाहून जायच्या भोकांत अडकलेला पालापाचोळा काढणं. शेवटचं काम सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचं. टप असलेल्या गाडीत पाणी थोडंफार शिरतंच. ते बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती तुंबली की पाणी गालिच्याखाली साचतं आणि तिथेच गाडीचा मेंदू असला तर त्याला अर्धांगवायू होतो. वीस मिनिटांच्या झाडलोटीचा आळस केला की पुढे हजारांत जावं लागतं. मेकॅनिकनं आणखी दोन कामं सुचवली. "आता उघडलंच आहे तर" हे वाक्य पोर्तुगीजमध्येही आहे, असं दिसतं. आमच्या घरात "आता कढई तापलीच आहे तर" म्हणून भज्यांपाठोपाठ पापड, कुरडया आणि शेवटी सांडगे निघतात, तसंच हे. फरक एवढाच की सांडग्याला तासाला एकशे तीस डॉलर मजुरी पडत नाही.

साडूंना कोणी उधळ्या म्हणू नये म्हणून हेही सांगायला हवं: ते निवृत्त इंजिनिअर आहेत आणि गाडीची वही ठेवतात. अशी टापटिपीची वही मी आयुष्यात पाहिली नाही. दर महिन्याला दोनशे डॉलर गाडीच्या नावानं वेगळे पडतात. ते संपले की गाडी उपाशी. खर्चाचे तीन गट. ब्रेक, टायर, स्टिअरिंग: इथे वाद नाही, पैसे काढायचे. दुसरा गट पाण्याचा: गळती दिसली की लगेच बुजवायची, कारण पाणी व्याजानं वाढतं. तिसरा गट शोभेचा: तो थांबतो. कंपनीच्या शोरूममध्ये ते पाऊल ठेवत नाहीत. तिथे कॉफी फुकट मिळते, एवढ्यावरूनच बाकीचं समजावं असं ते म्हणतात. नवा सिलिंडर घेण्याऐवजी जुना काढून पोस्टानं पाठवायचा, सीलं बदलून तो परत येतो, खर्च नव्याच्या मानानं किरकोळ. बॅटरी हिवाळ्यात चार्जरला लावून ठेवायची. रबराला वर्षातून दोनदा तेलपाणी. गाडीचं इतकं पथ्यपाणी पाहून मला अनेकदा वाटलं, आपला जन्म चुकला.

एकदा मी त्यांना विचारलं, "अहो, इंजिन सोडून सगळंच बदललंत की. मग ही तीच गाडी कशावरून?"

तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. थीसियसच्या जहाजाची गोष्ट प्लूटार्कनं लिहून ठेवली आहे: अथेन्सच्या लोकांनी कुजलेली फळी काढून नवी घातली, असं करत करत सगळं जहाज नवं झालं, आणि तत्त्ववेत्ते आपसांत भांडत बसले. आपल्याकडे तर गाडीचाच दाखला आहे. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, पायी आलात की रथातून? रथातून. मग चाक म्हणजे रथ का? नाही. आस? जू? दांडी? नाही, नाही, नाही. मग रथ कुठे आहे? राजाला कबूल करावं लागतं की रथ हे नुसतं एक नाव, या सगळ्याच्या आधारानं चालणारं. मिलिंद हा ग्रीक राजा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या रथाला टप होता की नाही याची नोंद नाही. पण एस्टिमेट त्यालाही कोणी देत असणारच.

साडूंना नागसेन मान्य नाही. त्यांना लंडनचं हायकोर्ट मान्य आहे. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन', १९९० साली कोर्टात उभी राहिली. सौदा एक कोटी पौंडांचा ठरला होता. घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. इंजिन बदललंय, साटा बदललाय, १९३२च्या अपघातानंतर सगळी पुन्हा बांधलीय, मूळ शर्यतीतलं फार थोडं उरलंय. न्यायमूर्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की गाडी तीच आहे. भाग बदलले, पण मध्ये कुठे खंड पडला नाही; ती मोडून दुसरी केली असं कधी झालं नाही; एकाच गाडीचा तो चालता इतिहास आहे. या निकालाचा कागद साडूंनी वहीत घडी करून ठेवलाय. शिवाय त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे आता धातूचे आहेत आणि हृदयात दोन स्टेंट आहेत. "मी तोच आहे ना?" असं त्यांनी अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, "दुर्दैवानं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथपर्यंतचा विषय मी दोन लेक्चरांत उरकला असता. पण ज्या आठवड्यात एस्टिमेट आलं, त्याच आठवड्यात कोकणातून साडूंच्या धाकट्या भावाचा मोबाइलवर निरोप आला. सोबत फोटो. राजापूरजवळच्या घराचं छप्पर. वासे वाळवीनं पोखरलेत, पाटावरच्या देवांवर पाणी पडतंय, माजघरात तीन पातेली मांडलीत. सुताराचा अंदाज अडीच लाख. 'जमल्यास मदत व्हावी.' अडीच लाख रुपये म्हणजे साधारण तीन हजार डॉलर. तोच आकडा! योगायोग लिहिला की खोटा वाटतो, पण छपरांना हे कोण सांगणार? इथला टप गळतो, तिथलं छप्पर गळतं, आणि दोघांचं बिल एकच.

साडूंनी फोटो माझ्यासमोर धरला. "प्रोफेसर, तुम्ही शिकवलंय ना हे? सांगा."

छत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला खरा प्रश्न विचारला नव्हता. परीक्षेत येईल का, एवढंच विचारायचे. मी सवयीनं एक पुस्तक पुढे केलं. पीटर सिंगर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. साडूंच्या घरापासून विसेक मैलांवर प्रिन्स्टन आहे. तिथे हे गृहस्थ १९९९पासून बरीच वर्षं नीतिशास्त्र शिकवीत होते. त्यांनी त्याच वर्षी एका लेखात एक गोष्ट वापरली. मूळ गोष्ट पीटर उंगर यांच्या १९९६च्या पुस्तकातली. बॉब नावाचा माणूस, निवृत्तीला आलेला. सगळी पुंजी त्यानं एका दुर्मीळ जुन्या बुगाटीत घातलेली. तिचा विमाही उतरवता आलेला नाही. एके दिवशी तो ती रेल्वेच्या एका बाजूच्या रुळाच्या टोकाशी उभी करून फिरायला जातो. पाहतो तर माणसाशिवाय सुटलेली आगगाडी येतेय आणि पुढे मुख्य रुळावर एक लहान मूल. खटका ओढला तर आगगाडी बाजूच्या रुळावर वळेल, मूल वाचेल, बुगाटीचा चुरा होईल. बॉब खटका ओढत नाही. बॉब वाईट वागला असं आपण सगळे म्हणतो. मग सिंगर विचारतात, दूरदेशीचं मूल थोड्या पैशांत वाचत असताना ते पैसे चैनीवर उडवणारे तुम्ही बॉबहून वेगळे कसे?

गोष्ट सांगून झाली. साडू गप्प. मग म्हणाले, "या बॉबनं गाडी कधी दुरुस्त केली होती का?"

मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

"वाटलंच. जुन्या गाडीला खरंच सांभाळणारा माणूस असता ना, तर एस्टिमेट आठवून त्यानं दोन्ही हातांनी खटका ओढला असता."

विनोद म्हणून हे ठीक आहे आणि मी हसलोही. पण रात्री झोप आली नाही (जेट लॅग संपून तीन महिने झाले होते). सिंगरसाहेबांचं गणित बरोबर आहे. त्यात चूक काढायला मी फार धडपडलो, निघाली नाही. माझी अडचण वेगळीच आहे. आगगाडी खरोखर येत असती तर साडूंनी खटका ओढला असता, आमच्या हिची पैठणी गाडीत असती तरी ओढला असता. मला यात शंका नाही. पण वाळवी शिट्टी वाजवत येत नाही. ती रोज एक दाणा खाते. गळतीचा एकेक थेंब पडतो आणि दोन थेंबांच्या मध्ये माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. वेळ मिळाला की माणूस कारणं शोधतो, आणि साडूंसारखा हुशार माणूस असला की त्याला चांगली कारणं सापडतात.

सापडलीही. दोन बहिणींची लग्नं त्यांनी इथून पैसे पाठवून केली. पुतण्याची फी भरली. विहिरीला पंप बसवला. आयुष्यभर छोट्या जपानी गाड्या चालवल्या, कूपन कापून किराणा आणला. "त्र्याहत्तर वर्षांत एक गोष्ट स्वतःसाठी घेतली. तीसुद्धा सेकंडहँड," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. मी त्या माणसाला गाडी विकायला सांगू शकलो नाही, आणि कोणी सांगितलं असतं तर मला ते आवडलं नसतं. एखाद्या संध्याकाळी टप उघडून ते अक्कांना नदीकाठानं फिरवून आणतात, अक्का डोक्याला रुमाल बांधून तोंडानं तक्रार करत बसतात, आणि परत येतात तेव्हा दोघंही दहा वर्षांनी लहान दिसतात. हे कुठल्या खात्यावर मांडायचं? शोभेचा खर्च पाप आहे असं म्हणणारा माणूस मला नेहमी थोडा संशयास्पद वाटतो. त्याच्या घरी कधी गणपतीला आरास झाली नसेल.

पण शोभेचा खर्च वेगळा आणि देणं थकवून केलेला शोभेचा खर्च वेगळा. इथे मात्र सिंगरही उपयोगी पडत नाहीत, कारण रुळावरचं मूल बॉबचं कोणी नाही. साडूंसमोरचा खरा प्रश्न एका शब्दात होता. भावानं 'मदत' म्हटलं होतं. मदत ही द्यावी किंवा न द्यावी; दिली तर पुण्य, नाही दिली तर फार तर रुखरुख. पण ती मुळात मदत होती का?

हे कोडं सोडवलं अक्कांनी. त्या तीस वर्षं बँकेत होत्या. त्यांनी गाडीची वही ओढून घेतली, शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, "शाकारणीला किती दिवस लागतात हो?"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पावसाआधी कौलारू घराची कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे-रिपा बघायच्या, पाचोळा काढायचा, परत सगळी कौलं नीट बसवायची. दर वर्षी, वैशाखाच्या उन्हात, छपरावर ओणवं बसून. हे केलं नाही तर आषाढात घरात आणि अंगणात फरक उरत नाही.

"सहा-सात दिवस," साडू म्हणाले.

"सहा धरू. दिवसाचे आठ तास. मामंजी गेल्यापासून भावजी एकटे करतायत, म्हणजे चाळीस वर्षं. तुमचा मेकॅनिक तासाला काय घेतो?"

"एकशे तीस."

अक्कांनी मांडलं. एक हजार नऊशे वीस तास, गुणिले एकशे तीस. २,४९,६०० डॉलर. खाली दोन रेघा ओढल्या, बँकेत ओढतात तशा. "त्यांनी मागितलेत अडीच लाख," अक्का म्हणाल्या, "पण रुपये. माकडं हाकलण्याचे मी धरलेले नाहीत."

"दर तिकडचा धरायला हवा ना पण!" साडू इंजिनिअर आहेत; चुकीचं युनिट त्यांना खपत नाही.

"मग गाडीलाही तिकडचाच मेकॅनिक बघा," अक्का म्हणाल्या आणि भात टाकायला आत गेल्या.

मी ते पान नंतर बराच वेळ पाहिलं. वहीत गाडीच्या अठ्ठावीस वर्षांतल्या शेवटच्या नऊ वर्षांचा इंच न् इंच लिहिलेला होता. कोणत्या तारखेला कोणता थेंब कुठे पडला, सगळं. घराचं पान त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं गेलं, तेही मागच्या बाजूनं. साडू वाईट माणूस आहेत म्हणून नव्हे. गाडी गळली की कपाळावर कळतं. घर गळलं की ते भावाच्या कपाळावर कळत होतं, आणि भाऊ बोलत नव्हता. न बोलता काम करणाऱ्या माणसाचा मेंटेनन्स फुकट आहे असा आपला समज होतो. माझ्याच घरात असा एक माणूस आहे; तिचं नाव घेत नाही, कारण पैठणीचा विषय पुन्हा निघेल.

पैसे त्या रात्रीच गेले. गाडीचं एस्टिमेट तीन गटांत फाडलं गेलं. पाण्याची भोकं साडूंनी आणि मी मिळून साफ केली. निवृत्त प्राध्यापकाला जमण्यासारखं काम आहे, विजेरी धरायची आणि 'हं' म्हणायचं. कपाळावरचा सिलिंडर काढून पोस्टानं रवाना झाला. पंप आणि शिवण शोभेच्या गटात ढकलले गेले. टप सध्या हातानं बंद करावा लागतो, त्याला दोन माणसं लागतात, आणि त्यातला दुसरा मी होतो.

पण प्रकरण इथे मिटलं नाही. आठवड्यानं भावाचा फोन. पैसे पोचले, वासे नवे घालतो, आणि वर कौलांऐवजी पत्रे टाकतो म्हणाला. हल्ली सगळे टाकतात. लाल रंगाचे मिळतात, लांबून कौलंच वाटतात, माकडांचा ताप जातो, शाकारणीची कटकट नाही.

साडू उसळले. "पत्रे? आमच्या घरावर पत्रे? मग ते घर राहिलं का?"

मी नम्रपणे त्यांना लंडनच्या हायकोर्टाची आठवण करून दिली.

"तो निकाल गाडीपुरता आहे."

मी म्हटलं, तुमच्या आजोबांनीही आधीचे नळे काढूनच मंगळुरी कौलं घातली ना? तेव्हा ते घर राहिलं का? आणि ती कौलं तरी कुठली आपली? मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना १८६५ साली बाझेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यानं काढला. म्हणजे इथे जर्मन टप, तिथे जर्मन टप. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की नागसेनांकडे मिलिंदानंही पाहिलं नसेल.

मग त्यांनी भावाला लांबलचक निरोप पाठवला. मूळ वस्तूचं महत्त्व, पत्र्याखाली होणारा उकाडा, पावसाचा आवाज, वडिलांनी स्वतः चढून बसवलेली कौलं. सगळं खरं होतं. उत्तर आलं ते बोललेलं होतं, लिहिलेलं नव्हतं. मागे कोंबडा ओरडत होता.

"दादा, कौलं हवीत तर कौलं घालू. माझं काय. पण परतायला माणूस मिळत नाही आता, पोरं मुंबईला. मीपण सत्तरीला आलो. तू ये वैशाखात. मी वर चढतो, तू खालून दे."

साडूंनी ते तीन वेळा ऐकलं. अक्कांनी दारात उभ्या राहून एकदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू हाडांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलत होते. दोन्ही गुडघे बदललेल्या माणसानं शिडीच्या किती पायऱ्या चढायला हरकत नाही, असं विचारत होते. डॉक्टरनं विचारलं असावं, कशासाठी चढायचंय? साडू अडखळले. पन्नास वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस. त्यांना 'शाकारणी'ला इंग्रजी शब्द सापडेना. फोनवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठे येतो?